मायनिंग गेलं, आता पर्थ? प्लॉट विकायच्या आधी हे वाचा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका ताईंचा लांबलचक मेसेज आलाय. थोडक्यात सांगते. मिस्टर ३८ वर्षांचे, आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिक आणि वर अप्रेंटिसशिप, मायनिंग कंपनीत टिपर, लोडरच्या दुरुस्तीला होते. २०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातलं मायनिंग बंद झालं आणि घरी बसले, मध्ये दोन-तीन वर्षं काहीबाही केलं, मग उसगावला एका गॅरेजमध्ये लागले, आता तेही बंद पडलं. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. दीर म्हणतात सासऱ्यांनी दिलेला प्लॉट विका, एजंटला आठ लाख द्या, तो ऑस्ट्रेलियात पर्थला माइन्समध्ये चिकटवून देतो, मग फॅमिलीला न्या. ताईंचा प्रश्न एवढाच की ऐकावं का.

ताई, एजंटचं आधी बाजूला ठेवा. जाण्याला माझा विरोध अजिबात नाही, उलट तुमच्या मिस्टरांचा ट्रेड तिकडे चालणारा आहे, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा पिलबारा भाग म्हणजे लोहखनिजच, आणि अवजड डिझेल मशीन खोलून परत उभी करणारा माणूस तिथे लागतोच. पण तुमच्या लोकांना वाटतंय की पैसे कमी पडताहेत, आणि मला मेसेज वाचून वाटतंय की कमी पडतोय तो वेळ.

कसं ते सांगते. ऑस्ट्रेलियात ट्रेडवाल्यांची स्किल्स असेसमेंट, म्हणजे व्हिसाआधीची कामाच्या कौशल्याची तपासणी, ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया करते, सगळे टीआरए म्हणतात. त्यांची एक अट अशी की अर्ज भरायच्या आधीच्या ३ वर्षांत निदान १२ महिने त्याच ट्रेडमध्ये पूर्णवेळ पगारी काम झालेलं हवं. मिस्टर उसगावला होते म्हणून आज ती अट बसते, पण ते घरी बसून राहिले की हे १२ महिने हळूहळू मागे सरकत जाणार आणि एक दिवस अट मोडणार, मग मायनिंगचा कितीही अनुभव असो. म्हणून आधी काहीही करून ट्रेडमधलंच पगारी काम धरा, बस डेपोत, क्रशरवर, मडगाव-वेर्णा साइडला कुठेही, पगार कमी असला तरी चालेल, पण बँकेतून यायला हवा. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर फुकट दुरुस्त करून दिला त्याला तिकडे कोणी विचारत नाही. स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं तर उद्यम रजिस्ट्रेशन, पार्टची बिलं, गिऱ्हाइकांची पत्रं, इन्कम टॅक्स रिटर्न हे पहिल्या दिवसापासून जपा.

दुसरं आहे वय. ऑस्ट्रेलिया व्हिसासाठी जे पॉइंट्स मोजते त्यांत ३३ ते ३९ वयाला २५ मिळतात आणि ४० पूर्ण झाले की १५, म्हणजे एका वाढदिवसाला १० पॉइंट गेले. तुमचा हिशेब मी मांडून बघितला. वयाचे २५, आयटीआय टीआरएने मान्य केलं तर १०, गेल्या दहा वर्षांतला ट्रेडमधला अनुभव ५ वर्षांच्या वर भरला तर आणखी १०, असे झाले ४५. आयईएल्टीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेला, मिस्टरांना चारही भागांत ६ आले की अर्ज करता येतो पण पॉइंट शून्य, चारही भागांत ७ आले तर १०. लागतात कमीत कमी ६५, आणि ६५ झाले म्हणजे बोलावणं आलं असं नाही, ती फक्त रांगेत उभं राहायची पात्रता.

आणि इथे ताई, तुम्ही येता. तुमच्या मेसेजमध्ये तुमच्याबद्दल एक ओळ नाही, सगळं मिस्टरांचं! तुम्ही आयईएल्टीएसमध्ये चारही भागांत ६ काढलेत तर त्यांना ५ पॉइंट मिळतात, तुम्ही नोकरी करत असा नाहीतर नसा. ४५ आणि ५ झाले ५०, त्यात ४९१ नावाच्या रिजनल (मोठी महानगरं सोडून बाकीच्या भागाच्या) व्हिसाला तिकडच्या राज्य सरकारने नॉमिनेट केलं की १५, बरोब्बर ६५. मिस्टरांचे चारही भागांत ७ आले तर ७५, मग जरा दम येतो. १९० नावाच्या दुसऱ्या व्हिसाला नॉमिनेशनचे फक्त ५ मिळतात, त्यामुळे तुम्हाला ४९१ च बघावा लागेल. तो कायमचा नाही, ३ वर्षं रिजनल भागात राहून, काम करून, टॅक्स भरून मग १९१ व्हिसाखाली पीआर (कायमचा राहायचा परवाना) मागता येतो. नशिबाने अख्खं पर्थ रिजनलमध्ये धरतात, म्हणजे रानात राहायला जावं लागत नाही.

अजून एक, जे बऱ्याच जणांना शेवटी कळतं. अर्जातल्या १८ वर्षांवरच्या माणसाला कामापुरतं इंग्रजी येतं हा पुरावा नसला तर व्हिसा फीच्या वर ४८९० ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागतात, अडीच लाखांच्या वर गेले सरळ! पण ५ वर्षं माध्यमिक शिक्षण पूर्ण इंग्रजीतून झालेलं असेल तर तो पुरावा चालतो. आपल्याकडे गोव्यात चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी अशी कितीतरी जणं शिकलीत, तुमचंही तसंच असेल तर हायस्कूलमध्ये जाऊन माध्यमाचं पत्र आजच मागा. हे फक्त ती जादा फी वाचवण्यापुरतं, ५ पॉइंट हवे असतील तर परीक्षा द्यावीच लागते.

अनुभवाचे कागद हा मायनिंगवाल्यांचा खरा घोळ आहे. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या त्यानंतर किती ऑफिसं बंद झाली, किती कॉन्ट्रॅक्टर गायब झाले, आता पत्र द्यायचं कोणी? तरी पीएफचं पासबुक ऑनलाइन निघतं, त्यात कंपनीचं नाव आणि महिने दोन्ही असतात, फॉर्म १६, बँकेचं जुनं स्टेटमेंट, अपॉइंटमेंट लेटर, सगळं गोळा करा. तुमचा सुपरवायझर कुठे आहे तो शोधा आणि त्याच्याकडून कामाचं सविस्तर पत्र घ्या. "मेकॅनिक म्हणून काम केले, वर्तन चांगले" असली एका ओळीची सर्टिफिकेटं कचऱ्यात टाका, कुठल्या मशीनचं इंजिन उघडलं, हायड्रॉलिक, ट्रान्समिशन, ब्रेक काय काय केलं ते लिहिलेलं हवं. नावाचं स्पेलिंगही बघा, आयटीआयवर एक आणि पासपोर्टवर दुसरं हे आपल्याकडे घरोघरी असतं.

आता प्लॉट. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात, सासऱ्यांनी मुलाला दिली असली तरी. म्हणजे त्या प्लॉटमध्ये तुमचा अर्धा वाटा आहे आणि तुमच्या सहीशिवाय तो विकता येत नाही. दिरांना हे गोड शब्दांत सांगा. माझं मत विचाराल तर असेसमेंट पास होईपर्यंत विकूच नका. तोपर्यंतचा खर्च म्हणजे परीक्षा, असेसमेंटची फी आणि कागद, तो प्लॉट न विकता निघेल. पुढे विकलात तर ते पैसे तिकडे पगार सुरू होईपर्यंतच्या घरभाड्याला लागतील, एजंटला नाही.

एजंटकडे दोन गोष्टी मागा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा सल्ला देत असेल तर ओमाराचा (तिकडच्या व्हिसा एजंटांची नोंदणी करणारं सरकारी ऑफिस) रजिस्ट्रेशन नंबर, आणि नोकरी लावून देतो म्हणत असेल तर भारत सरकारचं रिक्रूटिंग एजंटचं लायसन्स, ते ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. लायसन्सवाल्या एजंटला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच सर्व्हिस फी घेता येते. आठ लाख कशाचे ते त्यालाच विचारा, काय उत्तर देतो बघायला मजा येईल.

कोणीतरी पोर्तुगीज पासपोर्टचंही सुचवेल, गोव्यात ते सुचवल्याशिवाय चहा संपत नाही. आजोबा १९६१ पूर्वीचे असतील तर कदाचित मिळेलही, पण तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं, ऑस्ट्रेलियाच्या पॉइंट्सना त्याचा उपयोग शून्य आणि यूकेचा रस्ता ब्रेक्झिटनंतर बंद झालाय. आयर्लंड वगैरे करायचं असेल तर वेगळा विषय.

सगळ्यात जास्त मला बोलायचंय ते फिफोबद्दल, म्हणजे फ्लाय-इन फ्लाय-आउट. पिलबाराच्या माइन्समधले पुष्कळ कामगार पर्थमधून विमानाने दोनेक तास जाऊन कॅम्पवर राहतात, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी, असा रोस्टर नेहमीचा. पगार चांगला. पण बायको नवीन देशात दोन मुलांना घेऊन एकटी, मुलाला ताप आला तर तीच, भाड्याच्या घराचा नळ फुटला तर तीच. बोटीवर जाणाऱ्यांच्या घरच्या बायकांना हे नवीन नाही, पण त्यांच्या मागे निदान आई, जाऊ, शेजारीण असते, तिकडे सुरुवातीला कोणीच नसेल. म्हणून पहिलं वर्ष शक्य असेल तर मिस्टरांनी पर्थमधल्याच वर्कशॉपमध्ये काम बघावं, पगार कमी का असेना, रोज संध्याकाळी माणूस घरी येतो. फिफो नंतर घेता येईल, तुम्हाला रस्ते, डॉक्टर, शाळा समजल्यावर. आणि तुम्ही ड्रायव्हिंग आत्ताच शिका, स्कूटर नाही, कार. आपलं लायसन्स तिकडे नुसतं बदलून मिळत नाही, टेस्ट द्यावी लागते, पण मुळात हात बसलेला असला की ती निघते.

मिस्टरांनी आधी एकट्याने जावं का हेही विचारलंय. दोन-तीन महिने, घर भाड्याने मिळेपर्यंत, ठीक आहे. त्याहून जास्त नको, मुलगी आता सहावीत आहे, आठवी-नववीत नवीन शाळेत घालणं तिला जड जाईल.

चवथीची माटोळी (गणपतीवर बांधायची फळं-पानं), सोलां (आमसुलं), पापड वगैरे नंतर बोलू, तिकडच्या एअरपोर्टवर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहावी लागते एवढं आत्ता लक्षात ठेवा. या आठवड्यात पीएफचं पासबुक काढा, सुपरवायझरला फोन करा आणि आयईएल्टीएसच्या क्लासला दोघांची नावं घाला. असेसमेंटचा निकाल आला की परत लिहा, मग पुढचं बघू.