मिक्सर विकला तेव्हापासून मुलगा बोलत नाही

नमस्कार दादा, इचलकरंजीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, दोन विषय राहिलेत, हळदी-वरातीत डीजे वाजवतो, आता डॉल्बीचे दिवस संपले तर याला एमपीएससीकडे कसं वळवायचं, हे विचारलंय तुम्ही. पण मी मधल्या एका ओळीवरच थांबले, "त्याचा मिक्सर मी विकून टाकला, तेव्हापासून तो घरात बोलत नाही."

तो मिक्सर, म्हणजे डीजेचं गाणी एकमेकांत मिसळायचं यंत्र, त्याने ऑर्डरीच्या पैशातून घेतलेला, हे पण तुम्हीच लिहिलंय. पोराने स्वतः कमवून घेतलेली वस्तू तुम्ही न विचारता विकलीत, हे चुकलंच, आणि याला शिस्त म्हणू नका. पैसे त्याला परत द्या आणि चुकलं असं तोंडाने म्हणा. विषय काय, पुढच्या परीक्षेत सुटतील. पण घरात कुणाशी न बोलणाऱ्या पोराला मी अभ्यासाचं टाइमटेबल काढून देऊन काय होणार? एवढ्या मोठ्या पत्रात त्याला काय करायचंय याची एक ओळ नाही हो. तो वाजवतो कसा ते एकदा तरी जाऊन ऐकलंत का?

एमपीएससीला पदवी लागते, ज्याला मनापासून द्यायचीय त्याने द्यावी. ढकलून कुणी पास होत नाही.

आता "कोर्टाने डीजे बंदच केलाय" असं जे तुम्ही धरून बसलाय त्याबद्दल. 2018 च्या गणपतीत मुंबई हायकोर्टाने मिरवणुकीतल्या डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला हे खरं, पण मूळ नियम 2000 सालचे आहेत आणि ते आवाजाचे आहेत, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. यात मार बसतो तो बेस-टॉप स्पीकरच्या भिंती, जनरेटर, टेम्पो यात पैसा अडकवलेल्या साउंड मालकाला. तुमचा मुलगा ऑपरेटर आहे. बीट जुळवणं, समोरची माणसं बघून ट्रॅक बदलणं, कुठली फ्रिक्वेन्सी कापायची ते कानाने ओळखणं, हे लग्नाच्या हॉलमधल्या संगीत कार्यक्रमाला कमी आवाजातही लागतंच आणि नाटक, लाइव्ह कार्यक्रम, स्टुडिओ इथेही लागतं. मिरवणुकीची कामं कमी झालीत आणि होत राहतील, त्यावरच घर चालेल असं मी त्यालाही सांगणार नाही.

म्हणून पदवी पूर्ण करायचीच, पण कशासाठी ते त्याला कळू द्या. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटला साउंडचा तीन वर्षांचा कोर्स आहे, त्याला पदवी आणि बारावीला फिजिक्स लागतं, आणि याचं सायन्स आहे. प्रवेश परीक्षा अवघड आहे, जागा मोजक्याच, तरी तयारी करण्यासारखी आहे. तोवर सुट्टीत एखाद्या नाटकाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या साउंडवाल्याच्या हाताखाली केबल उचलायला जाऊ दे.

आणि त्याचे कान आधी तपासून घ्या, हे मी कळकळीने सांगतेय. 85 डेसिबलचा आवाज कानाला दिवसाला आठ तास चालतो, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला जेमतेम 15 मिनिटं, आणि ही पोरं भिंतीसमोर अख्खी रात्र उभी असतात. कानात सतत शिट्टी वाजते का विचारा, ईएनटीकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करा, चांगले इअरप्लग तुम्ही स्वतः आणून द्या.

मित्रांसोबत पार्टनरशिपमध्ये सिस्टिम घ्यायला तो कर्ज मागतोय, त्याला मात्र ठाम नाही म्हणा. मिरवणुकीच्या कामांवर कर्जाचे हप्ते फिटतील असे दिवस आता राहिले नाहीत, आणि पोलिसांनी सिस्टिम जप्त केली तरी हप्ता चालूच राहतो.