रंगशंका : पाहिलेलं, आठवलेलं आणि कल्पलेलं

प्रश्न : मागच्या महिन्यात घरच्यांसोबत अजिंठ्याला जाऊन आले. तीनशेवर फोटो काढले. आता त्यांवरून कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये रंगवायला बसते, पण चित्र कॅलेंडरवरच्या छपाईसारखं दिसतं. तिथे उभं राहून जे वाटलं, ते उतरत नाही. काय चुकतंय? — एक वाचक, परभणी

उत्तर : फोटो समोर ठेवून रंगवलं की चित्रात फोटोच उतरतो. लेण्यात तर फोटो आणि पाहणं यांतला फरक फारच मोठा. मोबाइल काळोखाला एकतर सरसकट काळा करतो, नाहीतर उजळून पिवळट. आपला डोळा मात्र आत शिरल्यावर आठ-दहा मिनिटांत अंधाराला सरावतो, आणि मग त्याच काळोखात विटकरी, हिरवट, काथासारखा तपकिरी असे रंग वर येऊ लागतात. तुम्हाला जे वाटलं ते बहुधा याच मिनिटांत वाटलं असणार, आणि ते फोटोत नाही.

पुढच्या खेपेला (सोमवार सोडून, त्या दिवशी अजिंठा बंद असतं) एक लहान वही आणि मऊ पेन्सिल घ्या. सगळी लेणी पायाखाली घालण्यापेक्षा क्रमांक 1 आणि 17 अशी दोनच निवडा. वहीत 6 बाय 8 सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि प्रत्येकीत फक्त तीन छटा भरा : कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. नाक-डोळे, दागिने काही नको. उजेड कुठून येतो त्याचा बाण काढा. बाजूला रंग शब्दांत लिहा, पण नुसतं ‘लाल’ लिहू नका. ‘भाजलेल्या विटेसारखा, कडेला चहाच्या डागासारखा’ असं लिहा. ‘लाल’ वाचून आठ दिवसांनी ट्यूबमधला लाल आठवतो, भिंतीवरचा नाही. आत बसून वहीत रेखाटायला चालेल का, ते दारावरच्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा. ओले रंग मात्र आत उघडूच नका.

घरी आल्यावर आठवडाभर फोटो पाहू नका. वहीवरून आणि आठवणीतून पाच-सहा लहान आराखडे करा, त्यातला एक मोठा करा. मुकुटाची घडण, बोटांची ठेवण असल्या तपशिलासाठी शेवटी फोटो उघडा. तोवर चित्राची बांधणी तुमची झालेली असते.

रंगही कमी करा. अजिंठ्याच्या चित्रकारांकडे मोजकेच रंग होते : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि निळ्यासाठी अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला लाजवर्द हा निळा दगड. तुमच्या डब्यातून त्यांच्या जागी बर्न्ट सिएना, यलो ऑकर, टेरे व्हर्ट किंवा क्रोमियम ऑक्साइड ग्रीन, काळा, टायटॅनियम व्हाइट आणि अल्ट्रामरीन घ्या. एवढ्यावरच तीन चित्रं करा. निळा सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडा.

आणखी एक गोष्ट चित्राच्या जमिनीची. तिथली चित्रं मातीच्या गिलाव्यावर, तो वाळल्यानंतर रंगवलेली आहेत, म्हणून त्यांना चकाकी नाही. पांढऱ्याधोप कॅनव्हासवर तो भाव यायचा नाही. जेसोचे (रंगाआधी कॅनव्हासला देतात तो पांढरा लेप) दोन हात द्या, पहिला आडवा, तो वाळला की दुसरा उभा, आणि बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा. मग यलो ऑकरमध्ये किंचित बर्न्ट सिएना घालून पातळ हात सगळीकडे फिरवा. पुढच्या रंगांत थोडं मॅट मीडियम (रंगाची चकाकी घालवणारं, रंगात मिसळायचं द्रव्य) मिसळा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे रंग पातळ करायला नुसतं पाणी ओतणं. ॲक्रिलिकमध्ये रंगाचे कण धरून ठेवणारं जे द्रव्य असतं, तेही पाण्याने विरळ होतं, आणि दुसरा हात देताना खालचा रंग ब्रशसोबत उचलून येतो. चमचाभर रंगाला अर्धा चमचा पाणी पुरे. त्याहून पातळ हवा असेल तर पाण्याऐवजी मीडियम वाढवा.

प्रश्न : माझं फिरणं म्हणजे घर, शेत आणि फार तर उदगीरचा किल्ला. सगळीकडे काळी माती नाहीतर काळा दगड. यात रंगवण्यासारखं काय शोधू? — एक वाचक, उदगीर

उत्तर : काळी माती काळी नसते, आणि ती रंगवता येणं ही आपल्या भागातल्या चित्रकाराची खरी कमाई आहे. ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर समसमान मिसळा, खोल जिवंत गडद रंग मिळेल. पावसाने भिजलेल्या मातीसाठी त्यात ब्रशच्या टोकाएवढा क्रिमसन. उन्हाळ्यात वाळलेल्या रानासाठी त्याच मिश्रणाच्या एका भागाला दोन भाग पांढरा आणि अर्धा भाग यलो ऑकर.

भेगाळलेलं रान रंगवताना बहुतेक जण करडी जमीन रंगवतात आणि वर काळ्या रेघा ओढतात. ते फुटलेल्या फरशीसारखं दिसतं. उलटं करा. आधी सगळीकडे गडद रंग द्या, तो वाळू द्या, मग पॅलेट नाइफने किंवा चपट्या ब्रशने वर फिकी ढेकळं ठेवत जा आणि मध्ये खालचा गडद उघडा सोडा. भेग म्हणजे खोलगट सावली. ती खालूनच दिसली पाहिजे. जवळची ढेकळं मोठी आणि जाड थराची, लांबची लहान आणि पातळ.

किल्ल्याच्या दगडाला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. उन्हाच्या बाजूला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त. फक्त भर दुपारी जाऊ नका. बाराला तट सपाट पत्र्यासारखा दिसतो. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर तिरपं ऊन पडलं की एकेक चिरा सुटा होतो. महिनाभर एकाच बुरुजासमोर आठवड्यातून एकदा बसा, तोही प्रवासच आहे. शिवाय माघ-फाल्गुनात पळस, फुलावर आलेल्या करडईचा पिवळा आणि सुकत चाललेल्या फुलांचा शेंदरी, चैत्रातल्या कडुनिंबाची तांबूस पालवी हे सगळं रस्त्याच्या कडेला आहेच. त्या पालवीला तयार हिरवा लावू नका, त्यात बर्न्ट सिएना घालून तो मोडा.

प्रश्न : बाहेर बसून रंगवायचं म्हटलं की जालन्याच्या उन्हात पॅलेटवरचा रंग दहा मिनिटांत चामड्यासारखा होतो. उपाय? — एक वाचक, जालना

उत्तर : झाकणाचा चपटा डबा घ्या. तळाशी ओला करून थोडा पिळलेला पातळ स्पंज किंवा टिश्यूचे चार-पाच थर, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. रंग या कागदावर काढा. खालून ओल मिळत राहते आणि झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही वापरता येतो. कागदावर पाणी तरंगत असेल तर स्पंज जास्त ओला आहे, रंग पसरेल. मेणाचा कागद घेऊ नका, त्यातून ओल वर येत नाही.

रंग वाटाण्याएवढाच काढा, संपला की पुन्हा. वाळण्याचा वेग कमी करणारं रिटार्डर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापलीकडे घालू नका, नाहीतर थर दिवसेंदिवस चिकट राहतो. छत्री पांढरी किंवा करडी हवी. लाल-निळ्या छत्रीखाली कागदावरही तोच रंग पडतो आणि घरी आल्यावर सगळ्या छटा बिघडलेल्या दिसतात. ब्रश मात्र क्षणभरही कोरडा ठेवू नका, वाळलेलं ॲक्रिलिक पाण्याने निघत नाही.

थंडीतही एक काळजी घ्या. पारा दहाच्या खाली असताना पहाटे रंगवलं, तर रंग वाळूनही त्याचा एकसंध पापुद्रा बनत नाही, पुढे तो भुकटीसारखा सुटतो. ऊन चढल्यावर बसा.

प्रश्न : नळदुर्गचा किल्ला खरा आणि त्यामागे माझ्या मनातलं रात्रीचं आकाश, दोन चंद्र, उडते मासे असं चित्र केलं. पण मासे वरून चिकटवल्यासारखे वाटतात. — एक वाचक, धाराशिव

उत्तर : कल्पना चांगली आहे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणी महाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारं पाणी पाहिलं की मासे वर उडाल्याचं सहज पटतं. अडचण उजेडाची आहे. किल्ला तुम्ही दिवसाच्या फोटोवरून घेतला असावा, म्हणजे ऊन एका बाजूने आणि चंद्र दुसऱ्या. कल्पनेतल्या वस्तूला खऱ्या जगाचे नियम जास्त काटेकोर लागतात.

आधी कागदावर उजेडाचा बाण ठरवा आणि तट, पाणी, मासे सगळ्यांना तोच लावा. दोन चंद्र असतील तर एकाचा उजेड ठळक, दुसऱ्याचा मंद ठेवा. क्षितिजाची रेघही एकच : माशांकडे पाहणारा डोळा किल्ल्याकडे पाहणाऱ्याच उंचीवर हवा. मग सगळं चित्र पूर्ण वाळल्यावर ग्लेझ मीडियमच्या (रंग पारदर्शक करणारं द्रव्य) दहा भागांत एक भाग अल्ट्रामरीन मिसळून मोठ्या मऊ ब्रशने किल्ला आणि मासे दोन्हींवर एकच पातळ हात फिरवा. दोघांवर एकच हवा येते. उजळ जागा ओल्या कापडाने लगेच टिपून घ्या, दोन मिनिटांनी टिपता येणार नाही. शेवटी माशांची सावली तटावर आणि त्यांचं प्रतिबिंब पाण्यात टाका. सावली पडली की वस्तू तिथली होते. ओला रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून रात्रीच्या चित्रात छटा अर्धी पायरी उजळच ठेवा.

प्रश्न : सहलीत रंगवलेले कागद बॅगेत एकमेकांना चिकटून फाटले. वर्तमानपत्र मध्ये घातलं, तर त्याची शाई उतरली. — एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ॲक्रिलिकचा थर वाळल्यावरही उष्णतेने मऊ होतो, आणि एसटीच्या टपाखाली किंवा बंद गाडीत उन्हाळ्यात तेवढी उष्णता सहज असते. दोन रंगवलेल्या बाजू समोरासमोर कधीच ठेवू नका. मध्ये बटर पेपर घाला, प्लॅस्टिक नको. पुठ्ठ्यांमध्ये धरून क्लिपा लावा, वर वजन ठेवू नका. चिकटलेले कागद ओढू नका. तासभर थंड जागेत ठेवा आणि मग कोपऱ्यापासून हळूहळू सोडवा.