हिपॅटायटिस ‘सी’चे उपचार आणि मजुराचा खिसा

प्रश्न : रक्तदानानंतर रक्तपेढीने माझ्या धाकट्या भावाला हिपॅटायटिस ‘सी’ (विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार) असल्याचे कळवले. गावात काविळीची माळ घातली, मग खासगी तपासण्यांत त्याची साठवलेली मजुरी संपली. पुढचे उपचार कसे परवडतील? (एक भगिनी, बीड जिल्हा)

उत्तर : ताई, औषधांसाठी कर्ज काढू नका. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला असून, त्याच्या सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. जवळचे केंद्र कोणते, हे जिल्हा रुग्णालयात विचारावे. रक्तपेढीत प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, अँटिबॉडीज) आढळली, तरी आज शरीरात विषाणू आहे की नाही हे ‘व्हायरल लोड’ चाचणीनेच ठरते, म्हणून आधी ती करून घ्यावी. यकृताला सिरोसिस (यकृत कठीण होऊन कायमचे खराब होणे) झालेला नसेल, तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या साधारणपणे १२ आठवडे रोज घ्याव्या लागतात आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. काविळीची माळ लांबली की कावीळ उतरली, असे लोक मानतात; पण माळ लांबते ती तिच्यातल्या काड्या वाळून आक्रसल्यामुळे आणि गाठी सैल पडल्यामुळे. त्यात गेलेला वेळ मात्र यकृताला महाग पडतो.

खरा भार एसटीच्या भाड्याचा आणि बुडालेल्या रोजाचा असतो, आणि त्यापायीच अनेक जण उपचार अर्धवट सोडतात, याचे मला फार वाईट वाटते. त्यामुळे निघण्यापूर्वी नमुने घेण्याचा वार विचारून घ्यावा, जुने सर्व अहवाल सोबत न्यावेत आणि एका वेळी किती दिवसांच्या गोळ्या मिळतील, याची चौकशी करावी.