रिव्हर्ट म्हणजे रिप्लाय नव्हे!

प्रश्न असा आलाय की ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहायचं की ‘प्लीज रिव्हर्ट बॅक’. दोन्ही नको. उत्तर हवंय ना, मग सरळ रिप्लाय म्हणा. रिव्हर्ट म्हणजे आधी होतं तिथे किंवा तसं परत जाणं. लीज संपली की जमीन मालकाकडे रिव्हर्ट होते, सोडलेली सवय पुन्हा लागली की माणूस तिच्याकडे रिव्हर्ट होतो. आणि ‘बॅक’ कशाला, ‘रि’मध्ये ते आलंच की. परवा मला एकाची मेल आली, ‘परत एकदा रिव्हर्ट बॅक करा’, एवढ्याशा वाक्यात तीनदा परत! डोकंच फिरतं.

काही जण लगेच ऑक्सफर्डचा दाखला देतात, तिथे ‘भारतीय इंग्रजी’ असा शिक्का मारून हा अर्थ दिलाय म्हणे. अहो, डिक्शनरी लोक काय बोलतात ते टिपून ठेवते, तसंच बोला असं सांगत नाही. शिक्का कशासाठी असतो मग?

खरी मजा पुढेच आहे. लॅटिन ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणं, फिरणं आणि आपला संस्कृत ‘वृत्’ धातू हे सख्खे भाऊ. निवृत्ती, आवृत्ती, वर्तुळ, झालंच तर देवापुढची वात (मूळ ‘वर्ती’), सगळी त्याच घरातली. त्याच लॅटिन धातूचं ‘व्हर्सुस’, म्हणजे नांगराचं तास, नांगरताना जमिनीत पडते ती लांब रेघ. बांधापाशी बैल वळवायचे आणि दुसरं तास धरायचं, तशी कवितेची ओळ संपली की वळून दुसरी सुरू, म्हणून ओळीलाही व्हर्सुस, त्याचंच इंग्रजीत ‘व्हर्स’ झालं. आणि आपण भुजंगप्रयाताला काय म्हणतो? वृत्त! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो होतो. आपलं ‘परतणे’सुद्धा ह्याच वृत् चं, परावर्तनातलं. कुणी ते ‘परतः’पासून काढतात ते मला अजिबात पटत नाही, ‘परतः’ म्हणजे दुसऱ्याकडून, त्यात वळणं कुठे आलं?

मग रिव्हर्टला ‘उत्तर द्या’ हा अर्थ आपल्याकडे का चिकटला? माझं पक्कं मत आहे की हे ‘उलट टपाली (म्हणजे परतीच्या टपालानं) उत्तर द्यावे’चं काम. पिढ्यान्‌पिढ्या पत्रांच्या शेवटी तेच लिहायचे, इंग्रजीत जाताना त्यातलं ‘उत्तर’ गळालं आणि ‘उलट’ तेवढं राहिलं.