‘आजोबा, तुम्ही बसा’

प्रश्न : आमची इमारत नारायण पेठेत, नदीपासून जवळ. पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये ऐंशीच्या घरातले माझे सासरे म्हणाले, वीजमीटर आणि पंप तळमजल्यावर नकोत. ‘आजोबा, तुम्ही बसा,’ म्हणून सगळे हसले. तेव्हापासून ते गप्प आहेत. काय करू? – एक सून

उत्तर : ताई, वाचून जीव तुटला. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासलाही. सासरे तेव्हा शाळकरी पोर असतील. पेठांमध्ये शिरलेलं पाणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यानंतर नळ कोरडे पडले, तेव्हा आमच्या वाड्यातला आड पुन्हा उपसला. कळशीच्या गळ्याला न सुटणारी गाठ फक्त आजीला मारता यायची. आळीतल्या सुना रांगेनं तिच्याकडून ती शिकल्या. तेव्हा तिला ‘तुम्ही बसा’ कुणी म्हणालं नाही!

दिवाळीला वाकून नमस्कार सगळेच करतात हो; म्हणणं कोण ऐकतं? त्यांचा मुद्दा सेक्रेटरींना लेखी द्या, इतिवृत्तात नोंदवायला लावा. आणि आज संध्याकाळी खडू घेऊन त्यांच्याबरोबर खाली जा. पाणी कुठवर होतं, ती रेघ त्यांच्याच हातानं भिंतीवर मारून घ्या. फोटो काढून आर्किटेक्टला पाठवा.