पायाखालची नावं

या महिन्यात चार पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी अमळनेरला शाळेत इतिहास शिकवला आणि सुट्ट्यांमध्ये तीस-बत्तीस वर्षं खानदेशातले शिलालेख, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड), थडगी बघत हिंडलो. पुतण्या केंब्रिजजवळ राहतो, त्यामुळे तिकडची काही जुनी चर्चंही पाहून झाली.

प्रश्न : माझी लेक इंग्लंडात सफोक परगण्यात राहते. उन्हाळ्यात तिच्याकडे होते. तिच्या गावात फार जुनं चर्च आहे. आत पाऊल टाकलं तर सबंध फरशीवर माणसांची नावं, आणि लोक बूट घालून खुशाल त्यावरून चाललेले. मी कडेकडेने गेले, तरी एका नावावर पाय पडलाच. चटकन वाकून हात लावला. जावयांना विचारलं, मेलेल्या माणसाचं नाव हे लोक पायाखाली का ठेवतात? त्यांना काही सांगता आलं नाही. तुम्ही सांगाल का? (एक वाचक भगिनी, चाळीसगाव)

उत्तर : ताई, पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही तसाच वाकलो होतो. चर्चची किल्ली शेजारच्या घरातून आणावी लागली. ज्या आजीबाईंनी ती दिली त्याच सोबत आल्या. त्यांनी मला वाकताना पाहिलं आणि काही न बोलता पुढे जाऊन गालिच्याचं टोक उचलून धरलं. खाली काळ्या दगडाची मोठी लादी होती. वरच्या भागात वर्तुळात कोरलेली घराण्याची ढाल, त्याखाली नवरा, बायको आणि लहानपणीच गेलेली तीन मुलं. गालिच्याखाली राहिलेली अक्षरं काल कोरल्यासारखी होती. गालिच्याबाहेर, वाटेत आलेला भाग मात्र इतका गुळगुळीत झाला होता की बोटाने चाचपूनही अक्षर लागत नव्हतं.

त्या नावांखाली खरोखरच माणसं पुरलेली असतात. देवळात गाभारा तशी चर्चमध्ये पूर्वेकडची वेदी. तिच्या जितकं जवळ निजायला मिळेल तितकं पुण्य, असं मानत. त्यासाठी पैसे मोजावे लागत, म्हणून आत जागा मिळाली ती जमीनदार, व्यापारी, पाद्री अशांना. बाकीचं गाव बाहेरच्या आवारात, बहुतेकांवर साधा दगडही नाही. आत पुरण्याची ही चाल एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कायद्यांनी जवळजवळ बंद झाली.

आता पायाचं. तुम्ही वारकऱ्यांच्या मुलखातल्या, तुम्हाला हे माझ्याआधी कळेल. नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारात पायरीची जागा का मागितली? संतांची पायधूळ लागावी म्हणून. चर्चच्या फरशीत निजणाऱ्याच्या मनातही काहीसं तसंच होतं. पुढे प्रार्थनेला येणारी माणसं आपल्यावरून जातील, नाव वाचतील, आपल्यासाठी दोन शब्द देवापाशी बोलतील. आपण नामदेव पायरीवर पाय देत नाही, ते लोक देतात, एवढाच फरक. तुम्ही हात लावलात त्यात काही चुकलं नाही. त्या माणसाला तेच हवं होतं.

एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल, पुढच्या वेळी जरूर शोधा. फरशीत एखाद्या दगडावर माणसाच्या आकाराची उथळ खाच दिसते. जोडलेले हात, पायघोळ कपडा, पायाशी एक लहान चौकोन, आणि आत काहीच नाही. कडेला खिळ्यांची भोकं, त्यात शिसं. तिथे पितळेच्या पत्र्याची प्रतिमा बसवलेली होती. तेराव्या शतकापासून अशा पितळी प्रतिमा बसवत. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलेलं असे, ‘ओराते प्रो अनिमा’, म्हणजे अमुकच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. सोळाव्या शतकात इंग्लंडचा धर्मपंथ बदलला. मेलेल्यासाठी प्रार्थना करणं ही अंधश्रद्धा ठरली आणि तेवढी दोन-तीन अक्षरंच गुन्हेगार झाली. तुमच्या लेकीच्या सफोकमध्ये आणि शेजारच्या केंब्रिजशायरमध्ये 1643-44 साली विल्यम डाउझिंग नावाचा माणूस पार्लमेंटच्या हुकुमाने चर्चमागून चर्च फिरला. अडीचशेच्या आसपास चर्चं त्याने पालथी घातली, आणि कुठे काय फोडलं, किती लेख उखडले हे स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवलं. काही ठिकाणी नाव तसंच ठेवून फक्त प्रार्थनेचे शब्द छिन्नीने उडवलेले दिसतात. ती छिन्नीची खूण मी लेखाइतक्याच काळजीने टिपतो. कोणी लिहिलं हे लेख सांगतो, कोणाला ते सहन झालं नाही हे खूण सांगते.

पितळ गेलं त्यातलं पुष्कळ चोरीला गेलं, मोडीत निघालं. मठ बंद पडले तेव्हा तिथल्या प्रतिमा उचलून, उलटून, मागच्या बाजूला नव्या मयताचं नाव कोरून पुन्हा विकलेल्या सापडतात. आपल्याकडचे किती ताम्रपट तांबटाच्या भट्टीत गेले, ते आठवून मला त्या खाचांकडे बघवत नाही.

ज्यांना दगडही परवडला नाही त्यांनी भिंत खरवडली. हर्टफर्डशायरमध्ये ॲशवेल गावच्या चर्चच्या मनोऱ्यात, आतल्या भिंतीवर टोकदार वस्तूने ओरखडलेल्या लॅटिन ओळी आहेत. महामारीनंतरच्या, 1350 सालच्या. दयनीय, क्रूर, हिंसक असं त्या काळाचं वर्णन आणि मग शब्द येतात की साक्ष द्यायला उरली ती फक्त हीन प्रजा. खाली काही वर्षांनंतरच्या एका प्रचंड वादळाचीही नोंद आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही. संगमरवराच्या शंभर पाट्यांपेक्षा मला ती ओरखडलेली भिंत अधिक बोलकी वाटते.

भिंतीवर लाकडी फलकही पाहिले असतील. अमक्याने इतके पौंड ठेवले, त्याच्या व्याजातून दर रविवारी गरिबांना पाव वाटावा, असा त्यावर मजकूर असतो. याचा भाऊ तुमच्या तालुक्यातच आहे! चाळीसगावजवळच्या पाटण्याचा, शके 1128चा शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजाने मठाला उत्पन्न लावून दिलं. लेख संस्कृतात आहे, पण व्यवहाराची गोष्ट येताच तो मराठी बोलू लागतो. गावात जितके घाणे चालतात त्या प्रत्येकामागे मठाला पळी पळी तेल! तिकडे रविवारचा पाव, इकडे पळीभर तेल. लेकीला इकडे आल्यावर पाटण्याला घेऊन जा.

प्रश्न : मुलाने एका इंग्रजी थडग्याचा फोटो पाठवला. मृत्यूचं साल 1711/12 असं दोनदा लिहिलंय. माणूस दोन वर्षं मरत होता का? आणि ‘द’च्या जागी वाय आणि ई ही अक्षरं का? (शिरपूर)

उत्तर : फोटोत महिना बघा, जानेवारी किंवा फेब्रुवारी असणार. फार तर मार्च. इंग्लंडात 1751पर्यंत कायद्याने नवं साल 25 मार्चला लागे, पण लोक व्यवहारात 1 जानेवारीही मानू लागले होते. मग मधल्या तीन महिन्यांसाठी शहाणा माणूस दोन्ही आकडे लिही. आपल्या हिशेबाने ते 1712. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपलं पंचांग पाडव्याला बदलतं, दुकानाची वही दिवाळीला आणि सरकारचं वर्ष 1 एप्रिलला. 1752 साली त्यांनी कॅलेंडर सुधारलं तेव्हा 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर उजाडला. त्यांच्या आयकराचं वर्ष आजही 6 एप्रिलला सुरू होतं. जुन्या 25 मार्चमध्ये ते गाळलेले अकरा दिवस मिळवले की 5 एप्रिल येतो, हा त्याच्या पुढचाच दिवस.

तो वाय मुळात वाय नाहीच. ‘थ’ उच्चाराचं एक जुनं अक्षर होतं, ते लिहिता लिहिता वायसारखं दिसू लागलं. वाचायचं ‘द’च. तसाच लांब एस असतो, तो एफसारखा दिसतो. ‘रेलिक्ट’ शब्द दिसला तर बिचकू नका, त्याचा अर्थ विधवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही म्हणून आपण अडतो आणि चार ओळींनी सरावतो, तसंच हे आहे.

प्रश्न : आमच्या धरणगावला भिल्ल पलटण उभारणारा आउट्रम कुठे पुरला आहे? त्याच्या थडग्यावर खानदेशाचा उल्लेख आहे का? (धरणगाव)

उत्तर : जेम्स आउट्रमने 1825 साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली आणि दहा वर्षं इथे काढली. तो 1863 साली फ्रान्समध्ये वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं. हे गावचं चर्च नव्हे, राजेरजवाड्यांचं. फरशीतल्या त्याच्या दगडावर त्याला ‘हिंदुस्थानचा बायार्ड’ म्हटलं आहे. बायार्ड हा फ्रान्सचा एक जुना सरदार, निर्भय आणि निष्कलंक म्हणून नावाजलेला. एवढ्याशा बिरुदात धरणगाव मावणं शक्य नाही. ज्यांच्या जोरावर पलटण उभी राहिली ते तडवी-भिल्ल शिपाई तर नाहीच नाहीत.

तुमच्या प्रश्नामुळे मनात बरेच दिवस असलेलं एक बोलतो. इंग्लंडमधल्या जवळजवळ प्रत्येक गावच्या चर्चमध्ये 1914-18च्या युद्धात पडलेल्यांची पाटी आहे. त्यावर एकेकाचं नाव असतं. पुष्कळ ठिकाणी हुद्दाही न लावता, अकारविल्हे, म्हणजे जमीनदाराचा मुलगा आणि गाडीवानाचा मुलगा खालीवर. आडनावं तीच तीच येतात, भाऊ भाऊ गेलेले कळतात. महाराष्ट्रातही त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या काही गावांत आहेत. त्यांच्यावर इंग्रजांनी लिहिलं ते एवढंच की या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नाव नाही. एका पाटीपुढे उभा असताना एका आजोबांनी मला विचारलं, “आठे काय लिखेल शे, भाऊ?” मी आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, “नावं?” मला मान हलवावी लागली. तुमच्या घरात, भावकीत पलटणीत गेलेल्या कोणाचं नाव, पेन्शनचा कागद, बिल्ला असेल तर आजच वहीत उतरवून ठेवा.

प्रश्न : आमच्या गावी मारुतीच्या पारावर एक वीरगळ आणि लेखाचा एक तुकडा आहे. त्याचा ठसा विद्यार्थ्यांकडून घेता येईल का? (एक शिक्षक, यावल तालुका)

उत्तर : सर, आधी जागा संरक्षित स्मारकात येते का ते विचारा. येत असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय दगडाला हात लावायचा नाही. नसेल तरी पंचायतीला आणि पुजाऱ्याला सांगूनच करा. इंग्लंडातही पाद्र्याची परवानगी घेतल्याशिवाय पितळी प्रतिमांवर कागद ठेवता येत नाही. त्यांची रीत कोरडी आहे. पांढरा कागद पसरायचा आणि मोचीच्या काळ्या मेणाने घासायचं. कोरलेली रेघ पांढरी राहते.

आपल्या दगडाला ओली रीत लागते. दगड साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, तारेचा ब्रश नको. हातकागद भिजवून अंगाला अंग लागेल असा चिकटवा, आणि दाट केसांच्या ब्रशने ठोकत ठोकत अक्षरांच्या खळग्यात बसवा. मधली हवा निघून गेली पाहिजे. कागद अर्धवट वाळला की कापडाच्या बोळ्याने शाई हलके टिपत जा. अक्षरं पांढरी, बाकी काळं. पूर्ण वाळल्यावर सोडवा. पहिले दोन-तीन कागद फाटतील, मुलांना रागावू नका.

दगडाचे पोपडे निघत असतील तर ठसा घेऊच नका, फोटो पुरेल. संध्याकाळी बॅटरी दगडाला लागून आडवी धरा, सावलीने अक्षरं उठून येतात. शेजारी मोजपट्टी ठेवा. अक्षरांत खडू, हळद, रांगोळी काही भरायचं नाही.

आणि रंग लावू देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका गावात मंदिराच्या जीर्णोद्धारात लेखाचा दगड पायरीला बसवून त्यावर टाइल्स ठोकल्या. मी आदल्या वर्षी गेलो होतो, उजेड कमी म्हणून ‘पुढच्या वेळी ठसा घेऊ’ म्हणत परतलो होतो. आज माझ्याकडे त्या लेखाच्या फक्त अडीच ओळी आहेत, हाताने उतरवलेल्या. ती रुखरुख जात नाही.

वीरगळावर बहुधा लेख नसतोच. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन जातात, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून, माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत ज्याची कीर्ती राहायची त्याचं नावच कोरलेलं नाही. पण गाव त्या दगडाला कुठल्या तरी नावाने हाक मारत असेल. नारळ कोण फोडतं, कोणत्या दिवशी फोडतं, कुठल्या घराचा मान आहे, हे मुलांना म्हाताऱ्या माणसांकडून विचारून घ्यायला लावा आणि ठशाच्या मागे पेन्सिलीने लिहा, दिनांकासकट. एक प्रत शाळेत ठेवा, एक मला पाठवा.