फोन येईल म्हणून बसून राहू नकोस

अगं, तू रात्री दोन वाजता लिहिलेलं वाचलं. पॅपचा, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीचा, रिपोर्ट एलएसआयएल, कोल्पोस्कोपीची (भिंगातून ते मुख बघतात ती) तारीख तीन आठवड्यांनी, घरात कुणालाच सांगितलेलं नाही आणि मुलीचा डबा भरताना हात थरथरतात. आठ वर्षांपूर्वी माझं हेच झालं होतं. तू दापोलीला, मी कुडाळला, एवढाच फरक. मी डॉक्टर नाही. तुझ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐक.

त्या अक्षरांचा अर्थ तू शोधला असशीलच, तिथल्या पेशींत सौम्य बदल. हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही, एवढं धरून ठेव. हे बदल ज्याने होतात त्या एचपीव्ही विषाणूचा संसर्ग बहुतेक जणींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. जो टिकतो, त्यालाही कॅन्सरपर्यंत जायला सहसा १५-२० वर्षं लागतात. हे सगळं मलाही पाठ होतं, तरी रात्री छातीत धडधडायचंच.

माझं खरं नुकसान झालं ते तपासणीनंतर. बायोप्सीचा तुकडा बाटलीत गेला आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, "रिपोर्ट आला की कळवू." किती दिवसांत, कोण कळवणार, कुठल्या नंबरवर, मी काही म्हणजे काही विचारलं नाही. मान हलवली आणि बाहेर पडले.

मे महिना होता, घरात आमसुलं चालली होती. सालं रसात बुडवायची, खळ्यात उन्हाला घालायची, सुकली की परत रसात. कोपरापर्यंत हात लाल. रिंग वाजली की तसेच पदराला पुसत धावायचे, आणि फोन असायचा गॅसवाल्याचा. त्या साडीवरचे डाग अजून गेलेले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मनाने घेतलं की वाईट आहे म्हणूनच सांगत नाहीत. स्वतः फोन लावायला घ्यायचे आणि पहिली रिंग जायच्या आत कट करायचे.

पाचव्या आठवड्यात एका रात्री नवऱ्यासमोर रडू फुटलं. तोवर त्यांना सांगितलंच नव्हतं, कारण हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि ते काय समजतील याची भीती. ते एवढंच म्हणाले, "उद्या मी जाऊन येतो." रिपोर्ट नवव्या दिवशीच येऊन पडला होता! माझ्या बाळंतपणाच्या जुन्या फाइलला लावलेला, माहेरच्या नावाच्या, आणि तिच्यावर कधीच बंद झालेला नंबर. सीआयएन वन, म्हणजे सगळ्यात सौम्य पायरीचा बदल. उपचार नको, वर्षाने पुन्हा तपासणी. वर आम्हालाच ऐकवलं, "तुम्ही विचारायचं ना." सव्वीस दिवस मी जिवंतपणी मेले होते, आणि कागद त्यांच्या कपाटात. आजही लिहिताना संताप होतो.

म्हणून निघण्याआधी फाइलवरचं नाव आणि मोबाइल नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाच. रिपोर्ट कुठल्या तारखेला, कुणाकडून मिळेल ते तिथेच लिहून घे, पावतीचा फोटो काढ. ती तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी तूच फोन कर. भीती वाटली तर दुसऱ्या कुणाला करायला सांग, पण करच.

आणि एका तरी माणसाला सांग. नवऱ्याला सांगताना हे माहीत असू दे की हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो, कधी आला नि कुणाकडून हे रिपोर्टवरून कळत नाही. कुणाच्या चारित्र्याचा तो दाखला नव्हे. मात्र साऱ्या वाडीला सांगू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे एका काकींनी "पिशवीच काढून टाक, कटकट नको" म्हणून आठ दिवस पिच्छा पुरवला. एलएसआयएलसाठी थेट पिशवी काढायला कुणी सुचवलं, डॉक्टर असले तरी, दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस.

रात्री जीव घाबरा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. माझ्या वेळी तो नव्हता. झोप आणि जेवण दोन्ही तुटलं असेल तर डॉक्टरांना तेही सांग, लाजू नकोस.

तारीख पाळीत येत असेल तर आत्ताच बदलून घे. त्या दिवशी साडी किंवा घेरदार परकर नेस, पर्समध्ये पॅड ठेव. व्हिनेगरसारखं पाणी लावतात ते थोडं चुणचुणतं. बायोप्सी घेतली तर दोन-चार दिवस थोडं रक्त किंवा काळपट स्राव जातो, त्याला घाबरू नकोस. रक्त जास्त जायला लागलं तर मात्र लगेच फोन. आणि परतताना एसटीत मागच्या सीटवर बसू नकोस, घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला ओटीपोटात कळ येते.